गुरविंदरचा नमस्कार

पाया पडण्याचा खरा उपयोग मला टोकियोतल्या तोयोसुच्या ऑफिसात कळला.

आमच्या टीममधला गुरविंदर लुधियान्याहून नुकताच आला होता. क्लायंटचे ऐंशी वर्षांचे चेअरमन भेटायला येणार होते. प्रोजेक्ट दोन महिने लेट, आणि ते त्यांना सांगायचं कसं, या काळजीत आमचे मॅनेजर देशपांडे सर. गुरविंदरला त्यांनी एवढंच बजावलं, "वाकून नमस्कार कर. इथे वाकण्याला किंमत आहे."

चेअरमन आत आले. बाकीचे कमरेतून वाकले. गुरविंदर मात्र "पैरी पैना जी" म्हणत थेट त्यांच्या बुटांपर्यंत गेला. त्याच्या गावी एवढ्या मोठ्या माणसाला असाच नमस्कार करतात. जपानमध्ये इतकं खाली माणूस फक्त माफी मागायला जातो.

चेअरमननी हळूच विचारलं, "एवढं झालंय तरी काय?"

देशपांडे सरांनी संधी सोडली नाही. "दोन महिने उशीर होईल."

"एवढंच ना? उठवा त्याला आधी," चेअरमन म्हणाले आणि मुदत वाढवून टाकली.

तेव्हापासून काहीही लेट झालं की मीटिंगला गुरविंदर जातो. बिचाऱ्याला वाटतं, सर त्याच्या संस्कारांवर खूश आहेत.

परवा तो सुट्टीवर असताना पुन्हा रिलीज हुकलं. सरांनी मला बाजूला घेतलं. "तू घरी आईवडिलांच्या पाया पडतोस ना रे?"

मी म्हटलं, "पडतो सर. व्हिडिओ कॉलवर."