टोरेबुवांचा वन्स मोअर

नाही गं मृणालिनी, मी आत नाही यायचा. तू जा, तुला खुर्च्या लावायच्यात. थंडी? वाजू दे, कानटोपी आहे की. काय म्हणतेस — माझ्यासाठी थांबलेत? गिटार गळ्यात अडकवून? थांबणारच गं, म्हणून तर आज बाहेर बसलोय.

तू इथं कामाला नवीन आहेस, तुला माहीत नसेल. हा टोरेबुवा साधा माणूस नव्हे. बुवा आपलं मीच म्हणतो. स्वीडनात साठ वर्षं लोकांना हसवलं त्यानं — पोरवयात बोटीवर गायला लागला, मग रेडिओ, मग टीव्ही, उन्हाळ्यात गावोगावच्या बागांतून कार्यक्रम, गाणी स्वतःच रचायची, स्वतःच म्हणायची. एक गाणं म्हणे बोटीत चढायला तयार नसलेल्या गाईचं आहे. त्याच्या लेकीनं माझ्या सुनेला सांगितलं, सुनेनं मला. बायको गेली तसं लेकीनं त्याला इकडं अमेरिकेत, ॲन आर्बरला आणलं. मला माझ्या मुलानं, श्रीरंगानं आणलं — तसंच. इथं कोण ओळखतंय त्याला? म्हाताऱ्यांच्या या सेंटरात बुधवारी दुपारी गातो, निम्मे डुलक्या घेतात.

मला स्वीडिश कुठलं कळायला, इंग्रजीसुद्धा येत नाही. पण गाय कळली बघ — गाल असे हलवतो, पाय रोवून उभा राहतो! सांगलीला हळदीच्या पेठेत हमाली केली मी, नाटकाला जायचो, सगळ्यात मागं उभा. पद आवडलं की आपण काय करतो? ओरडतो. तसाच ओरडलो — वन्स मोअर! थबकला माणूस. आणि मग अख्खं गाणं पुन्हा, पहिल्यापासून, जास्तच रंगवून. मी पुन्हा ओरडलो, तो पुन्हा गायला. दिवाळीपासून हेच चाललंय.

मागच्या बुधवारी त्याला दम लागला. ओठ निळे पडले. संध्याकाळी त्याची लेक आमच्या घरी आली, माझे हात धरून काहीतरी बोलत राहिली. सून म्हणाली, बाबा, त्यांचं हार्ट नाजूक आहे, तुम्ही मागितलं की त्यांना नाही म्हणवत नाही, तेव्हा ओरडू नका. रडत होती गं ती पोर.

आत बसून गप्प राहू म्हणतेस? कसं राहू? गाणं संपलं की तो माझ्याकडेच बघतो — भुवया उडवून, आता काय म्हणतोस, असा. या मुलखात माझ्या तोंडाकडे बघत थांबतंय कोण दुसरं? नातवाला हाक मारली की कानातला इअरफोन काढतो, 'व्हॉट, आजोबा?' म्हणतो, मी काय ते आठवेपर्यंत परत घालतो. चांगला आहे पोरगा, तसं नाही. आणि खरं सांगू, दर वेळी गाणं आवडलं म्हणूनच ओरडायचो असंही नाही — तेवढंच घरी जायचं लांबायचं. अगं, हे कुणाला सांगत बसू नकोस.

जा आता. काका आजारी आहेत म्हणून सांग. नको, आजारी नको म्हणूस, गायचाच थांबेल. गावाला गेले म्हण. आणि दार नीट लावून घे, गाणं इथवर आलं तर मी इथनंच ओरडेन.