आत काय चाललंय

बीडच्या स्टँडावरून पुण्याची गाडी नुकतीच सुटली होती. लेकीला गाडीत बसवून दिलेलं एक जोडपं माझ्या शेजारच्या बाकड्यावर येऊन टेकलं.

"अपेक्षा खिडकीतून हात हालवतीय, अन् तुमी डोळे मिटून उभे!"

"डोळे मिटल्याशिवाय आत काय चाललंय ते दिसत न्हाई, शिवकांता. ध्यानाच्या शिबिरात सांगितलंय. भावना आली की तिला अडवायचं न्हाई, नुसतं बघायचं."

"पोरगी पहिल्यांदा नोकरीला चालली. गाडी गेल्यावर बघायचं की."

"भावना काय आपल्या सवडीनं येती का?"

"रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसता. तवा काय बघता?"

"तवा समोरच्या दुकानाचं शटर आपल्या दुकानाआधी उघडलं का, तिकडं कान असतो."

"अन् शिबिरात?"

"तिथं शटर वाजत न्हाई."

"बरं, मग आज काय दिसलं?"

"छाती भरून आली. गळ्यापाशी कायतरी अडकलं. पण मी घाबरलो न्हाई. सरांनी सांगितल्यापरमाणं श्वास घेतला, नीट निरखलं अन् त्याला नाव दिलं."

"काय दिलं?"

"ॲसिडिटी."

"ॲसिडिटी?"

"सकाळी धपाटे लई झाले. तूच आग्रह केलता."

"तुमी कुठं खाल्ले? तुमच्या वाटणीचे बी तिच्याच डब्यात घातले."

"मग उपाशीपोटी बी होती ॲसिडिटी."

"होती. हा घ्या रुमाल."

"कशाला?"

"गालावर आलीय तुमची ॲसिडिटी."