खरकट्या ताटांच्या टबापाशी

मी रेवणप्पा शिवलिंगप्पा हलकुडे, वय ७८ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त मुख्याध्यापक, राहणार उदगीर, जि. लातूर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देतो की,

माझी नात मंजुश्री हिचा विवाह काल, दि. १६ फेब्रुवारी २०२५ रोजी, देगलूर रस्त्यावरील मंगल कार्यालयात झाला. जेवण बुफे पद्धतीचे होते. ताटात अन्न टाकणे हा आमच्या घराण्यात प्रसादाचा अवमान मानला जातो. म्हणून खरकट्या ताटांच्या टबापाशी मी स्वतः उभा राहिलो. दुपारी सव्वा ते दोन या वेळेत एकवीस जणांना मी ताट संपवण्यासाठी परत पाठवले. वरपक्षाच्या मंडळींना अडवले नाही.

दोनच्या सुमारास पंढरी सोनकांबळे, वय ७१, हा ताट घेऊन आला. तो माझ्या शाळेत एकोणतीस वर्षे शिपाई होता. ताटात दोन गुलाबजाम होते. त्यांपैकी एक चावलेला होता. मी त्याला थांबवले.

तो म्हणाला, "सर, हे माजं न्हाई. तिकडं खुर्चीखाली व्हतं, उचलून आणलो."

मी म्हणालो, "शाळेतला माठही म्हणे तू फोडला नव्हतास. खा."

मागील लोक हसले. एक जण म्हणाला, "सर, छडी घरीच इसरली काय?" पंढरीही हसला. त्याने चावलेला गुलाबजाम खाल्ला व दुसरा अख्खा तोंडात घातला. त्याला दात नाहीत. तो तोंडावर हात धरून टबाकडे वाकला. अन्न थुंकायचे नाही, असे मी त्याला बजावले. तो पुन्हा सरळ उभा राहिला. नंतर कोसळला.

त्याची मुलगी विशाखा परिचारिका आहे. ती रांगेत मागेच होती. तिने त्याच्या पाठीवर थापा मारल्या. रुग्णालयात नेताना वाटेतच तो मरण पावला, असे मला सायंकाळी कळले. त्याला गाडीत घालताना तिने मला विचारले, "सर, कुणाचं उष्टं होतं ते?"

त्यानंतर मी माझ्या खुर्चीकडे गेलो. टबापाशी उभे राहण्यापूर्वी मी तेथेच जेवलो होतो. मला मधुमेह असल्याने एक गुलाबजाम केवळ चाखून, दुसऱ्यास हात न लावता, ताट खुर्चीखाली सरकवले होते. ते तेथे नव्हते.

हा जबाब मी चष्मा लावून स्वतः वाचला. शुद्धलेखनाच्या चार चुका दुरुस्त केल्या. पंढरीचे शब्द तो बोलला तसेच राहू दिले आहेत. मजकूर बरोबर आहे.