धरणातून काढलेला देव

आजवर मी ढिगाने थापा मारल्या, पण अंगाशी आली ती एकच. नव्या भाताच्या दिवसांत मी बदलापूरहून बारवी धरणाकडे फिरायला गेलो होतो. काठावरच्या ठाकरवाडीत घरोघर नवा भात शिजला होता. एकटा मंगळ्याबाबा तेवढा नाचणीची भाकरी चावत बसलेला.

"बाबा, तुम्ही भात का नाही खात?"

"देवाला दावल्याबिगर नवा भात खात नाय आमी. देव तर गेला धरनात."

"किती वर्षं झाली?"

"सात."

मला राहवेना. काठावरचा एक गोल धोंडा उचलला, कपड्यांसकट डुबकी मारली आणि निथळत येऊन म्हणालो, "बाबा, तुमचा देव काढला बघा तळातून!"

बाबाने धोंडा पाटावर ठेवला, शेंदूर लावला, सुनेकडून भात मागून नैवेद्य दाखवला आणि सात वर्षांनी पहिला घास घेतला. मी खूश!

मग आपल्या पंच्याने माझं डोकं पुसत तो हळूच म्हणाला, "आमचा देव लाकडाचा व्हता रं, पोरा. कवाच कुजला आसंल. पन त्याच्यापायी तू भिजलास, म्हनून खाल्ला."