दहिसरला जायच्या आधी

चौऱ्याऐंशी सालचा एक रविवार. भांडुपच्या सलूनमध्ये खुर्चीत बसता बसता चंद्रप्रकाश न्हाव्याला म्हणाला, "मिशी काढून टाक."

बाकावरून त्याचा दोस्त धाकू हसला. "काय रे, वहिनी बोलली?"

"ती कसली बोलतेय, माहेरी मजेत आहे. पोरगा रडतो. चौथा महिना लागला, पण मी उचलला की सुरू. मेव्हण्याकडे मात्र खुदूखुदू हसतो. त्या गुळगुळीत तोंडात काय बघतो कोण जाणे."

"मग मेव्हण्यालाच मिशी ठेवायला सांग."

"तुला मस्करी सुचतेय. सासू म्हणते, अगदी मामावर गेलाय."

"तू घेतोस तरी कधी त्याला?"

"दर रविवारी जातो ना दहिसरला. दादरला गाडी बदलून."

"तुझ्या सासऱ्यांना मिशी आहे ना रे? तुझ्या दुप्पट?"

"आहे."

"त्यांच्याकडे रडतो?"

"नाही. ती ओढत बसतो."

"मग?"

"ते रोज घेतात त्याला."

न्हाव्याने वस्तरा हवेतच धरला. "काढू ना, भाऊ?"

"काढ. चारला पोचायचंय."