धाकटीचा पायगुण

लिंबागणेशच्या देवळात दर्शनाच्या रांगेत माझ्यापुढं दोघी उभ्या होत्या.

"केशरबाई, धाकटी जाऊ कावून आली न्हाई?"

"निजली आसंल! तिचा बाप औरंगाबादच्या छावणीतून डबलरोटी धाडतो. ही रात्रीच दूध-अंड्यात भिजवून ठेवती, सकाळी तुपात परतती. झाली न्याहारी! आन् मी मरती कोंबड्याच्या आधी उठून जात्यावर."

"मग तुमी बी भिजवा की."

"भिजवली ना, भाकर! सकाळी बघते तर पार लगदा. सासूला वाटलं, म्हशीचं आंबोण हाय. दिलं तिच्या पुढ्यात सरकवून."

"अगं बाई! मग?"

"मग काय! सांजच्याला म्हशीनं लई दूध दिलं. सासू म्हणती, धाकटीचा पायगुण."