रिकाम्या मशीनचा आवाज

मी, वय बासष्ट, धंदा शिवणकाम, राहणार इमारतीचा दुसरा मजला, जिन्यालगतची खोली. सगळे मला शिलाईमावशी म्हणतात. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, खालच्या मजल्यावरच्या काकांनी माझ्याविरुद्ध आवाजाची तक्रार केली आहे. माझी मशीन दिवसभर चालते, त्यांची दुपारची झोप होत नाही, हे खरे आहे. काका माणूस म्हणून चांगले आहेत, पण झोपेच्या आड कुणी आलेले त्यांना खपत नाही.

यजमान गेल्यापासून मी एकटी राहते. हल्ली लोक कपडे तयार घेतात, माझ्याकडे काम फारसे येत नाही. मग दिवसभर शिवता काय, असे साहेबांनी विचारले. काहीच नाही. सुई काढून, दोरा न ओवता नुसती मशीन चालवते.

शेजारच्या खोलीत नवरा-बायको राहतात. सकाळी बाहेरून कुलूप लावून दोघे कामाला जातात. त्यांची मुलगी सहा वर्षांची असेल, मी तिला ठमी म्हणते. ती दिसेनाशी झाली म्हणून विचारले, तर बाई म्हणाली, "आजोळी ठेवलीय." मी खरे मानले. पण मशीन थांबली की भिंतीवर टकटक होई आणि सुरू केली की बंद. आधी उंदीर वाटले. उंदरांना शिवणकामाचे एवढे वेड कशाला असेल?

मोरीत पाइपाजवळ त्याच भिंतीला फट आहे. गेल्या आठवड्यात तिथे तोंड लावून विचारले, "कोण गं?"

"मी. मशीन थांबवू नका ना. आवाज असला की घरात कुणीतरी आहे असं वाटतं."

मलाही तसेच वाटते, हे तिला सांगितले नाही.

त्याच संध्याकाळी बाईला जाब विचारला. ती म्हणाली, "आमच्या घरात नाक खुपसू नका." घरमालक म्हणाले, "ज्याचं पोर तो बघेल, तुम्ही कशाला मध्ये पडता?" तेव्हापासून मी मशीन रिकामी चालवते.

काल सकाळी गेलेले दोघे अजून परतलेले नाहीत. घरातले खाणे संपले, भांड्यातले पाणीही संपले, असे ठमीने सांगितले. मी बिस्किटे मोडून फटीतून सरकवली. पाणी पलीकडे जाईना, म्हणून धुतलेली चिंधी भिजवून ढकलली. ती तिने चोखली.

आज मी इकडेच यायला निघाले होते, तेवढ्यात तक्रारीसाठी शिपाई मला न्यायला आले. त्यांना शेजारचे कुलूप दाखवले. ते म्हणाले, "मावशी, आधी तुमचं प्रकरण मिटू द्या." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

निघताना ठमीला सांगितले, "मशीन जरा बंद राहील, मी माणसं घेऊन येते."

तिने विचारले, "किती वेळ?"

मी म्हणाले, "एक फ्रॉक शिवून होईल एवढाच."

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरवला आहे, त्यात चूक नाही. सही करते. काकांना कळवावे की मशीन बंद आहे. फ्रॉक केव्हाच शिवून झाला असता, साहेब. आता कुलूप तोडायला चला.